फिफ्टीन की फिफ्टी?

(दृश्य : आर्वीचा बाजाररस्ता. टायपिंग इन्स्टिट्यूटची पाटी. आतून कीबोर्डची खडखड.)

वर्धा जिल्ह्यातलं आर्वी. मिनिटाला इंग्रजी ३० शब्द, इंग्रजी ४०, मराठी ३०. कारकुनाच्या जाहिरातीवर डोळा ठेवून पोरंपोरी इथे बोटं पळवायला शिकतात. जाहिरात निघेपर्यंत या वेगाचं करायचं काय? कुणीतरी सुचवतं : मेडिकल ट्रान्सक्रिप्शन.

अमेरिकेतला डॉक्टर रुग्ण तपासतो आणि रिपोर्ट तोंडी बोलून ठेवतो. न्यूयॉर्कपेक्षा आपलं घड्याळ साडेनऊ-साडेदहा तास पुढे, म्हणून तिकडे रात्र असताना इकडे तो टाइप होतो. नव्वदच्या दशकात याच गणितावर हा धंदा भारतात उभा राहिला. कानाला हेडफोन, पायाखाली ऑडिओ मागे-पुढे करायचं पेडल. पैसे बहुधा ओळीवर, आणि ओळ म्हणजे ६५ अक्षरं.

(दृश्य : दोन मैत्रिणी, एक हेडफोन.)

"फिफ्टीन म्हनला का फिफ्टी व?"
"पुन्हा लाव ना."

प्रश्न औषधाच्या डोसचा आहे. पुढे 'इलियम' येतं. एका स्पेलिंगचं इलियम लहान आतड्याचा शेवटचा भाग, दुसऱ्या स्पेलिंगचं कमरेचं हाड. उच्चार तोच. पोट दुखतंय की कंबर, हे वाक्यावरून ज्याला कळतं त्यालाच बरोबर स्पेलिंग सुचतं. आणि नाहीच कळलं तर? जागा कोरी सोडायची, खूण करायची, वरच्या एडिटरकडे पाठवायचं. अंदाजाने भरायचं नाही. परीक्षेत काहीतरी लिहून यायची सवय लागलेल्या आपल्या पोरांना हे सगळ्यात जड जातं.

आता कडू भाग. नुसतं टायपिंग यंत्राने खाल्लंय. बोललेलं ऐकून कच्चा मसुदा सॉफ्टवेअरच काढतं. यातली मोठी कंपनी न्यूआन्स २०२२ मध्ये मायक्रोसॉफ्टने घेतली. माणसाकडे उरतं ते तपासणं, आणि त्याचा ओळीमागे दर टायपिंगहून कमी. यंत्र चुकीचा शब्दसुद्धा शुद्ध स्पेलिंगमध्ये लिहितं. तो पकडणारा कान लागतोच, पण असे कान थोडे पुरतात.

म्हणून बीएस्सी, डीएमएलटी, नर्सिंग झालेल्यांनी मेडिकल कोडिंगकडेही बघावं. तिथे आजाराला संकेतांक द्यायचा : 'आय १०' म्हणजे उच्च रक्तदाब. सीपीसी या कोडिंगच्या प्रमाणपत्र परीक्षेत १०० प्रश्न, ४ तास, पास व्हायला ७० टक्के. कोडची पुस्तकं उघडी ठेवता येतात. नोकऱ्या मात्र चेन्नई, हैदराबादकडे जास्त. नवख्याला घरून काम सहसा मिळत नाही, आणि ते एका अर्थी बरंच : रुग्णाची माहिती गुप्त ठेवायची अट असते, आणि आपल्याकडे आलेला पाहुणा आधी स्क्रीनमध्येच डोकावतो.

'घरबसल्या काम, आधी डिपॉझिट भरा' म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका. क्लास लावायचाच असेल तर फी भरण्याआधी परदेशी डॉक्टरच्या आवाजातलं डिक्टेशन ऐकायला मागा. पाच मिनिटं टाइप करा आणि किती जागा कोऱ्या राहिल्या ते मोजा. ऐकवायला तयार नसतील तर दुसरा क्लास बघा.