पाटीवर विडी, हातात व्हेप

(दृश्य: कार्यालयाचं प्रवेशद्वार, भिंतीवरची पाटी)

ही धूम्रपानबंदीची पाटी सार्वजनिक ठिकाणच्या धूम्रपानबंदीसाठी केलेल्या 2008 च्या नियमांतली. किमान 60 बाय 30 सेंटिमीटर, पांढरी पार्श्वभूमी, लाल वर्तुळ आणि मधोमध धुमसणारी सिगारेट किंवा विडी. व्हेप म्हणजे ई-सिगारेट ओढणारा नेमकं याच चित्राकडे बोट दाखवतो: "माझ्या हातात सिगारेट कुठाय?" त्याचं म्हणणं अगदीच पोकळ नाही. 2003 च्या तंबाखू नियंत्रण कायद्यातलं धूम्रपान तंबाखूचं आहे. 2019 च्या कायद्यानं ई-सिगारेटचं उत्पादन, आयात, विक्री, साठवण, जाहिरात सगळं बंद केलं, त्यात निकोटिन असो वा नसो. पण ओढणाऱ्याला दंड करणारं कलम त्यात नाही. म्हणजे आवारापुरता नियम मालकानंच करायचा.

(दृश्य: उघडलेलं उपकरण, तार आणि कापूस)

तोंडातून निघते ती नुसती पाण्याची वाफ नव्हे. प्रॉपिलीन ग्लायकॉल आणि ग्लिसरीनचं द्रावण तापलेल्या तारेवर उडतं, त्याचे बहुतेक एक मायक्रॉनहूनही लहान थेंब होतात आणि निकोटिन त्यांच्यासोबत जातं. कापसाची वात कोरडी पडली की तार जास्त तापते, फॉर्माल्डिहाइड हा विषारी वायू वाढतो. सिगारेटच्या धुरापेक्षा विषारी घटक कमी, हे खरं. पण शेजारच्या टेबलावरच्या गरोदर बाईनं तेवढे तरी का घ्यावेत?

"एसी लावलाय की!" स्प्लिट एसी साधारणतः खोलीतलीच हवा फिरवतो. त्याची जाळी धूळ अडवते, हे थेंब नाही.

(दृश्य: स्वच्छतागृहाचं छत)

खरा घोळ इथं होतो. ऑप्टिकल स्मोक डिटेक्टर आतला प्रकाश विखुरला की वाजतो, आणि व्हेपचे थेंब प्रकाश विखुरतात. दोन-तीनदा उगाच अलार्म झाला की कुणीतरी डिटेक्टरवर प्लॅस्टिकची पिशवी बांधतं. मग खरी आग लागली तरी तो गप्प. पिशव्या आधी काढा.

नियमात नुसतं 'धूम्रपान' लिहून भागत नाही. ई-सिगारेट, व्हेप, ई-हुक्का, निकोटिन नसलेलीसुद्धा, अशी नावं घ्या. जिने, लिफ्टसमोरची जागा आणि स्वच्छतागृहं वेगळी नोंदवा. तक्रार कुणाकडे करायची, ते पाटीवरच हवं.

काढून घेतलेली उपकरणं कपाटात साठवू नका. 2019 च्याच कायद्यानुसार जाणूनबुजून साठ्याला जागा देणाऱ्याला 6 महिन्यांपर्यंत कैद, 50 हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. कचऱ्याच्या डब्यातही नकोत. लिथियम बॅटरी चेपली की पेट घेऊ शकते. पोलीस उपनिरीक्षक किंवा त्यावरच्या अधिकाऱ्याकडे जमा करा.