‘मशीन लावा की, मॅडम’

[दृश्य: तासगाव तालुका, द्राक्षबाग. मांडवाखाली विरळणी करणाऱ्या बायका.]

छाटणी झाली की तासगावच्या बागांत विरळणीची, घड औषधाच्या पाण्यात बुडवायची म्हणजे डिपिंगची घाई उडते. घड मांडवाला, त्यामुळे बाईचे हात दिवसभर डोक्याच्या वर. तिकडे उसाच्या फडात मोळी डोक्यावर, सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचं पोतं पाठीवर. हंगाम सरेपर्यंत कुणाचा खांदा धरलेला असतो, कुणाची कंबर.

आधी बाम, मग मालिश, मग मेडिकलमधून आणलेली गोळी. तरीही हटेना, तर एमआरआय. ‘मणक्यात गॅप आहे’, ‘गादी सरकलीय’ असं ऐकून माणूस फिजिओथेरपिस्टकडे पोचतो, तेव्हा दुखणं चांगलंच मुरलेलं असतं.

[दृश्य: बाजारपेठेतला एक गाळा, फिजिओथेरपिस्ट मॅडमचं क्लिनिक. पडदा, एक कॉट, कोपऱ्यात शेक-शॉक द्यायचं मशीन.]

मावशी पन्नाशीच्या. उजवा हात वर जात नाही, अंबाडा सून घालून देते. मॅडम त्यांना भिंतीसमोर उभं करतात आणि बोटं भिंतीवर चालवत वर न्यायला सांगतात. छातीच्या थोडं वर हात अडतो आणि लगेच अख्खा खांदा कानाकडे उचलला जातो. मॅडम तो तळहाताने खाली दाबून धरतात. “खांदा नाही उचलायचा, मावशी. नुसता हात. परत.” हात पोचला तिथं पेन्सिलीची रेघ, बाजूला तारीख.

मावशींचं लक्ष कोपऱ्यात. “मशीन लावा की, मॅडम. नुस्तं हात वर-खाली करायचं तर घरीच करते की मी.”

शेकाने, शॉकने दुखणं घटकाभर दबतं. आखडलेला सांधा मात्र हलवल्याशिवाय सुटत नाही. पण मशीन डोळ्यांना दिसतं. हात आपला, हलवायचा आपणच, त्याचे पैसे कसले द्यायचे? आणि यात एकट्या पेशंटला बोल लावण्यात अर्थ नाही. तिघांना तीन मशीन लावून मोकळे होणारे गाळेही आहेतच.

पोलिओच्या साथीनंतर, १९५३ साली मुंबईत केईएम रुग्णालयात देशातलं पहिलं फिजिओथेरपी विद्यालय निघालं. आज कऱ्हाडात कॉलेज आहे, सांगलीत आहे. साडेचार वर्षं शिकून मुलं बाहेर पडतात, बहुतेक मुलीच. सरकारी जागा मोजक्या. मग कुणाच्या तरी हॉस्पिटलात तुटपुंजा पगार, नाहीतर पुण्याची वाट. फिजिओथेरपीसारख्या आरोग्य-व्यवसायांसाठी केंद्राचा कायदा २०२१ मध्ये झाला. चर्चा मात्र गाजली ती पाटीवरच्या ‘डॉक्टर’ची: सप्टेंबर २०२५ मध्ये फिजिओथेरपिस्टांनी नावामागे ‘डॉक्टर’ लावू नये असं केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाचं पत्र दिल्लीहून निघालं आणि दुसऱ्याच दिवशी मागेही घेतलं गेलं.

[दृश्य: जत तालुका. रस्त्यापासून आत असलेली वस्ती.]

इथं पाटी कोण वाचतंय! आजोबांच्या अंगावरून वारं गेलंय. पहिले तीन महिने फार मोलाचे, शरीर सुधारतं ते मुख्यतः याच काळात. पण रोज तालुक्याला न्यायचं म्हणजे गाडीचं भाडं आणि घरातल्या एकाचा रोजगार बुडाला. आठवड्याभरात येणं बंद पडतं.

म्हणून मॅडमनी नातवालाच शिकवलंय. आजोबांना खुर्चीतून कसं उठवायचं, लुळ्या पायावर भार कसा टाकायला लावायचा, दुखरा हात धरून का ओढायचा नाही. रविवारी तो मोबाइलवर व्हिडिओ पाठवतो. टाच टेकतेय का, गुडघा मागे झटका खातोय का, ते बघून मॅडम पुढच्या आठवड्याचा व्यायाम सांगतात. याची फी किती लावायची, ते त्यांचं अजून ठरत नाहीये.