चमच्यावर थांबणारी खिचडी

(दृश्य: अंगणवाडीचं स्वयंपाकघर, सकाळचे साडेनऊ. ओट्यावर डबे आणि वजनकाटा.)

हजेरी झाल्याशिवाय इथे तांदूळ मोजत नाहीत. आज वीस मुलं आली आहेत. म्हणजे तांदूळ 1 किलो, मूगडाळ 400 ग्रॅम, शेंगदाण्याचं कूट 200 ग्रॅम, तेल 100 ग्रॅम आणि गाजर-पालक मिळून 600 ग्रॅम.

एकात्मिक बालविकास सेवा योजना 2 ऑक्टोबर 1975 ला सुरू झाली, तेव्हापासून पूरक आहार अंगणवाडीच्या कामाचा गाभा आहे. 2013 च्या अन्न सुरक्षा कायद्यात तीन ते सहा वर्षांच्या मुलासाठी सकाळचा नाश्ता आणि गरम जेवण मिळून 500 उष्मांक आणि 12 ते 15 ग्रॅम प्रथिनं ठरवली गेली. कागदावर हा आकडा सोपा दिसतो. अडचण पोटाची असते. तीन वर्षांच्या मुलाचं पोट लहान, दीड-दोन वाट्यांत भरतं. त्या दोन वाट्यांत काय आलं, यावर सगळं अवलंबून.

(दृश्य: कुकरमध्ये पाणी ओतताना, जवळून.)

एवढ्या डाळतांदळाला साडेचार लिटर पाणी पुरतं. त्याची साधारण सहा किलो खिचडी होते आणि दीडशे ग्रॅमच्या वाटीत 175 च्या आसपास उष्मांक येतात. पाणी सात लिटर झालं, तर खिचडी साडेआठ किलो होते. पातेलं भरलेलं दिसतं, मुलं पोटभर जेवलेली दिसतात. पण त्याच वाटीत आता जेमतेम 125 उष्मांक उरलेले असतात. दोन वाट्या खाणाऱ्या मुलाला शंभर उष्मांक कमी पडले, आणि डाळतांदूळ तर ग्रॅमभरही कमी शिजलेला नाही!

पाणी वाढतं ते बहुतेक वेळा दोन कारणांनी. एक, ऐनवेळी चार मुलं जास्त येतात. तेव्हा पाणी नाही, धान्य वाढवायचं: मुलामागे 50 ग्रॅम तांदूळ, 20 ग्रॅम डाळ आणि पाणी सव्वादोनशे मिलिलिटर. दुसरं कारण जास्त फसवं आहे. खिचडी निवताना घट्ट होत जाते आणि वाढायच्या वेळी डाव फिरेना म्हणून हंड्यातलं पाणी ओतलं जातं. ते न उकळलेलं पाणी तयार अन्नात गेलं की जुलाबाला वाट मोकळी. त्यासाठी तांब्याभर उकळतं पाणी बाजूला झाकून ठेवायचं आणि लागेल तसं डावाने घालायचं. ओळखायची खूण सोपी आहे: चमचा तिरका केला तर खिचडी हळूच घसरावी, ओघळू नये.

बारा लिटरचा कुकर अर्ध्याच्या वर भरायचा नाही. डाळीचा फेस शिटीच्या भोकात अडकतो. पालक आधी धुवायचा, मग चिरायचा. उलट केलं तर जीवनसत्त्वं पाण्याबरोबर मोरीत जातात. तो घालायचा कुकर उघडल्यावर, शेवटची पाच मिनिटं. लिंबू पिळायचं आच बंद केल्यावर. डाळीतलं आणि पालकातलं लोह अंगी लागायला या आंबटाची मदत होते. मीठ मोठ्यांना किंचित अळणी लागेल इतकंच.

(दृश्य: खलबत्त्यात शेंगदाणे. कूट बोटांत घेऊन दाखवलेलं.)

कूट हे असं, बारीक. अख्खा शेंगदाणा किंवा फुटाणा या वयात देऊ नये. नीट चावून बारीक करणं जमत नसतं, मूल हसता-बोलता खातं आणि दाणा श्वासनलिकेत जातो. खाताना मुलांनी खाली बसावं आणि एक मोठं माणूस समोर असावं, हे त्याचसाठी.

दहाचा नाश्ता म्हणजे मुलामागे 20 ग्रॅम मटकीची उसळ आणि राजगिऱ्याचा छोटा लाडू. दीडशेच्या आसपास उष्मांक. मोड आलेली मटकी पौष्टिक म्हणून कच्ची देण्याचा मोह होतो, पण ज्या उबेत मोड येतात त्याच उबेत जंतूही वाढतात. ती दोन बोटांत सहज चेपेपर्यंत शिजलीच पाहिजे.

(दृश्य: पंगत. मदतनीस वाढते आहे.)

पहिल्यांदा एकच वाटी. ती संपली की दुसरी, न मागताही विचारून. सॅम, म्हणजे अतितीव्र कुपोषित, श्रेणीतल्या मुलाला एका बैठकीत जास्त भरवून उपयोग होत नाही. त्याचा वाढीव खाऊ तासा-दीड तासाने वेगळा द्यावा लागतो. शिजल्यापासून दोन तासांत पातेलं रिकामं व्हायला हवं. उरलेली खिचडी उद्यासाठी ठेवायची नाही: भातातले काही जंतू शिजवूनही टिकतात आणि कोमट भातात विष तयार करतात, जे पुन्हा गरम करून जात नाही.

(दृश्य: भांडी पालथी घातलेली. खुंटीला ओल्या फडक्यातली पुरचुंडी.)

सकाळी कोमट पाण्यात भिजवलेली मटकी आता उपसून बांधली आहे. उद्या नऊपर्यंत तिला अर्धा पेर मोड आलेले असतील.