नऊ पराभवांचा हंगाम

(लातूर येथे क्रीडाशिक्षक, खेळाडू आणि पालकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचे संपादित रूप)

नमस्कार मंडळी. समोर बसलेल्या पोरांना ७३-९ हा आकडा सांगायची गरज नाही, त्यांना तो पाठ आहे. पालकांसाठी सांगतो. अमेरिकेत एनबीए नावाची व्यावसायिक बास्केटबॉलची लीग आहे. तिच्यात गोल्डन स्टेट वॉरियर्स नावाचा कॅलिफोर्नियाचा संघ २०१५-१६ च्या हंगामात ८२ सामने खेळला. त्यातले ७३ जिंकला, ९ हरला. त्याआधीचा विक्रम मायकेल जॉर्डनच्या शिकागो बुल्सचा होता, १९९५-९६ मधला, ७२-१०. आणि त्या शिकागोकडून खेळलेला स्टीव्ह कर हाच तेव्हा वॉरियर्सचा कोच होता. म्हणजे ज्या विक्रमात स्वतःचा घाम होता, तोच वीस वर्षांनी त्याच्या पोरांनी मोडला.

त्र्याहत्तर विजयांचे व्हिडिओ तुम्ही मोबाइलवर बघितलेच असतील. मी त्या उरलेल्या नवांबद्दल बोलायला आलोय.

आधी हंगाम म्हणजे काय ते समजून घेऊ. लीगमध्ये ३० संघ. प्रत्येकाचे ४१ सामने घरी, ४१ बाहेर. २७ ऑक्टोबर २०१५ ला सुरुवात, १३ एप्रिल २०१६ ला शेवट. १७० दिवसांत ८२ सामने, म्हणजे जवळपास दिवसाआड एक. कधी कधी आज एका गावात, उद्या दुसऱ्या गावात, मधल्या रात्री विमान. आपल्या पोरांना सकाळ-संध्याकाळ सराव सांगितला तर घरून निरोप येतो, सर, लेकरू थकतंय.

सुरुवातीला कोच स्टीव्ह कर नव्हताच. पाठीच्या शस्त्रक्रियेनंतर त्याला त्रास झाला आणि तो महिनोन्महिने बाकावर बसू शकला नाही. पस्तीस वर्षांच्या ल्यूक वॉल्टन या सहायकाने संघ सांभाळला. पहिले २४ सामने सलग जिंकले. कर परत येईपर्यंत हिशेब ३९-४ वर गेला होता. आणि नियमाप्रमाणे ते सगळे ३९ विजय अधिकृत नोंदीत करच्या नावावर जमा झाले! (समोर काही सहायक शिक्षक हसताहेत. हसा, हसा. प्रमाणपत्रावर कुणाचं नाव येतं हे तुम्हाला सांगायला नको.)

आता पहिला पराभव. ११ डिसेंबरला बोस्टनमध्ये सामना दोन जादा डावांपर्यंत ताणला गेला, १२४-११९ असा कसाबसा जिंकला. दुसऱ्या रात्री मिलवॉकीत. पाय जड झालेले. १०८-९५ ने हरले. तिथले प्रेक्षक ‘२४-१’ छापलेले टी-शर्ट घालून आले होते, म्हणजे बघा, हरवायची तयारी किती मनापासून केली होती. चार दिवसांनी वॉरियर्स घरी फिनिक्सशी खेळले आणि १२८-१०३ ने जिंकले.

डिसेंबरच्या अखेरीला वॉरियर्सचा मुख्य खेळाडू स्टेफ करी दुखापतीमुळे बाहेर. डॅलसने ११४-९१ असं धुतलं. दुसऱ्याच रात्री ह्यूस्टनमध्ये, करी नसतानाच, ११४-११० ने जिंकले. जानेवारीत डेन्व्हरला दोन गुणांनी हरले, दुसऱ्या रात्री लेकर्सला हरवलं. डेट्रॉइटला अठरा गुणांनी हरले, आणि पुढचाच सामना क्लीव्हलँडमध्ये जाऊन १३२-९८ ने जिंकला. क्लीव्हलँड हे नाव लक्षात ठेवा. फेब्रुवारीत पोर्टलँडच्या डेमियन लिलार्डने एकट्याने ५१ गुण केले आणि सामना ३२ गुणांनी गेला. दुसऱ्या रात्री क्लिपर्सवर विजय, तीन गुणांनी का असेना.

पण मला सगळ्यात आवडतो तो ६ मार्चचा पराभव. समोर लॉस एंजेलिस लेकर्स. तो त्या वर्षी तळाकडचा संघ, ६३ सामन्यांत फक्त १२ जिंकलेला. इकडे जगातले दोन सर्वोत्तम नेमबाज, करी आणि क्ले थॉम्पसन. त्या दिवशी दोघांनी मिळून तीन गुणांसाठी १८ वेळा चेंडू टाकला, रिंगमध्ये गेला एकदा. पुन्हा सांगतो, अठरातला एक. ११२-९५ ने हरले. ज्या करीने त्या हंगामात ४०२ थ्री मारले (आधीचा विक्रम त्याचाच, २८६), त्याचा हा दिवस. आपल्याकडे एखाद्या पोराने असे दहा चेंडू वाया घालवले तर कोच त्याला बाकावर बसवतो, आणि वर्गातली पोरं वर्षभर चिडवतात. करीला दुसऱ्याच संध्याकाळी ऑर्लँडोशी सामना होता. त्याने ४१ गुण केले.

दुसऱ्याच संध्याकाळी! माझ्या सगळ्या बोलण्याचा खिळा इथेच आहे. करी काही एका रात्रीत सुधारला नाही. हात तोच, नेम तोच. त्याला फक्त पुढचा सामना होता.

मार्चमध्ये सॅन अँटोनियोत हरले. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात बोस्टन आणि मिनेसोटा यांनी तर घरी येऊन हरवलं. बोस्टनने सलग ५४ घरच्या विजयांची मालिका तोडली. असे हे नऊ. प्रत्येक पराभवानंतरचा सामना त्यांनी जिंकला. ८२ सामन्यांत एकदाही सलग दोन हरले नाहीत. १० एप्रिलला तर त्याच सॅन अँटोनियोत जाऊन ९२-८६ ने जिंकले. त्या संघाचा तो हंगामातला घरचा पहिला पराभव होता.

आता आपल्याकडे या. शालेय स्पर्धा बाद पद्धतीने होतात. जिल्ह्याला १६ शाळा आल्या तर एकूण सामने होतात १५, आणि पहिल्या फेरीनंतर ८ शाळा घरी. त्या ८ शाळांतली पोरं जूनपासून घाम गाळतात, बूट घ्यायला बापाच्या मागे लागतात आणि एका सामन्यात वर्ष संपतं. चाळीस मिनिटांचा खेळ. त्यात जो मुख्य खेळाडू आहे त्याचा अठरातला एक असा दिवस निघाला, तर ते त्याला पुढच्या वर्षापर्यंत पुसता येत नाही. पुढच्या वर्षी दहावी असते. मग खेळ संपतोच.

आणि हे लातुरात व्हावं, याचं मला नवल वाटतं. लातूर पॅटर्न आपण साऱ्या महाराष्ट्राला शिकवला. त्याचा गाभा काय होता? बोर्डाच्या एका परीक्षेआधी पोरांच्या सराव परीक्षा घ्यायच्या, पेपर तपासून हातात द्यायचा, चुकलेलं समजावायचं आणि पुन्हा पेपर घ्यायचा. पहिल्या चाचणीत कमी पडलेल्या मुलाला आपण कधी ‘तू बाद’ म्हणालो नाही. म्हणालो असतो तर पालकांनी क्लास बंद पाडला असता. मैदानावर मात्र तीच माणसं, आपणच, पहिल्या चाचणीला बोर्डाची परीक्षा समजतो. जीवशास्त्राला जी संधी देतो ती लेअपला, म्हणजे रिंगजवळ जाऊन टाकायच्या साध्या चेंडूला, का देत नाही?

कुणी म्हणेल, आमच्या पोरांना उंचीच नाही, सामने वाढवून काय होणार? त्या वॉरियर्सकडे बघा. त्यांचा सगळ्यात घातक पाच जणांचा संच लहान चणीचा होता. सेंटरच्या, म्हणजे रिंगजवळ खेळणाऱ्या उंच खेळाडूच्या जागी ड्रेमंड ग्रीन, जो त्या जागेसाठी बुटकाच म्हणायचा. समोरचे सेंटर त्याच्याहून वीतभर उंच. पण पाचही जण कुणालाही अडवू शकत आणि पाचही जण पास देऊ शकत. ही समज सरावात थोडी येते, सामन्यात जास्त येते.

आता त्या हंगामाचा शेवट, कारण तो सांगितला नाही तर पोरं मला इथून जाऊ देणार नाहीत.

७३ वा विजय तिकडच्या १३ एप्रिलच्या रात्री आला, आपल्याकडे १४ तारखेची सकाळ होती. बाबासाहेबांची १२५ वी जयंती. मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे लातुरात येऊन दोन दिवस झाले होते. त्या उन्हाळ्यात पाणवठ्यांजवळ जमावबंदी होती. मैदानावर पाणी मारणं हा विषयच नव्हता. बास्केटबॉल कुणाला सुचणार? तरी काही पोरं मोबाइलवर स्कोअर बघत होती. मेम्फिसवर १२५-१०४, करीचे ४६.

त्यानंतर प्लेऑफ. तिथे प्रत्येक प्रतिस्पर्ध्याशी सातपैकी चार जिंकायचे असतात. म्हणजे अमेरिकेतली बाद फेरीसुद्धा एका संध्याकाळी कुणाला घरी पाठवत नाही. पहिल्याच फेरीत करीचा गुडघा दुखावला. लीगच्या पश्चिम गटाच्या अंतिम फेरीत ओक्लाहोमा सिटीने सलग दोन सामने मोठ्या फरकाने जिंकले. अख्ख्या हंगामात जे झालं नव्हतं ते इथे झालं. ३-१ असे मागे. सहाव्या सामन्यात थॉम्पसनने ११ थ्री मारले, सातवाही जिंकला, आणि अंतिम फेरीत समोर क्लीव्हलँड.

इथे वॉरियर्स ३-१ असे पुढे होते. मग ग्रीनवर एका सामन्याची बंदी आली. बंदी चौथ्या सामन्यातल्या एका फटक्याची नव्हती, हे नीट ऐका. प्लेऑफमधल्या गंभीर फाउलचे गुण साठत जातात, चार झाले की आपोआप बंदी. आधीच्या फेऱ्यांतले गुण त्याच्या खात्यावर होते, त्यात हा एक पडला. पाचव्या सामन्यात तो नाही. क्लीव्हलँडच्या लेब्रॉन जेम्स आणि कायरी अर्व्हिंग यांनी प्रत्येकी ४१ गुण केले. त्याच सामन्यात वॉरियर्सचा मोठा सेंटर अँड्र्यू बोगट गुडघ्याने जायबंदी झाला. सहावाही गेला.

सातवा सामना आपल्याकडे २० जूनच्या पहाटे साडेपाचला सुरू झाला. ८९-८९ अशी बरोबरी झाली आणि पुढची जवळपास चार मिनिटं एकाही संघाला गुण करता आला नाही. मी खूप सामने बघितलेत, पण इतकी कोंडलेली मिनिटं कमीच. त्यात लेब्रॉनने मागून धावत येऊन वॉरियर्सच्या आंद्रे इग्वोडालाचा लेअप बोर्डावर चेपला. मग ५३ सेकंद उरले असताना करी समोर अडवत असताना अर्व्हिंगने थ्री मारला. ९३-८९. अंतिम फेरीत ३-१ ने मागे पडून जिंकणारा क्लीव्हलँड हा पहिला संघ. त्या शहराला कुठल्याही मोठ्या खेळाचं विजेतेपद १९६४ नंतर पहिल्यांदा मिळत होतं.

तेव्हापासून एक मत ऐकू येतं की विक्रमाच्या नादात वॉरियर्स दमले, शेवटी खेळाडूंना विश्रांती द्यायला हवी होती. मला ते फारसं पटत नाही. दमलेला संघ ओक्लाहोमाविरुद्ध ३-१ वरून उठत नाही. एक गुडघा, दुसरा गुडघा, एक बंदी आणि समोर लेब्रॉन, एवढी कारणं पुरेशी आहेत. आपल्याला निकालाला एकच कारण हवं असतं, म्हणजे दोष द्यायला सोपं जातं. सामना हरल्यावर शिक्षक-खोलीत काय बोलणं होतं ते आठवा : ‘त्या अमक्यामुळे गेलं.’

पुढच्या हंगामात ओक्लाहोमाचा मोठा खेळाडू केव्हिन ड्युरांट वॉरियर्सकडे आला, ६७ सामने जिंकले, प्लेऑफमध्ये १६-१ करून विजेतेपद घेतलं. तो संघ जास्त ताकदीचा होता. शिकवण्यासारखं मात्र मला नऊवाल्या हंगामात जास्त सापडतं.

आता मुद्द्याचं. माझी सूचना साधी आहे. लातूर शहरातल्या आठ शाळांनी साखळी खेळायची. आठ संघांची एकेरी साखळी म्हणजे २८ सामने, प्रत्येक शाळेला सात. शनिवारी दोन, रविवारी दोन, असं धरलं तर सात आठवड्यांत संपते. जूनच्या मध्याला सुरू केली तर जिल्हा स्पर्धेआधी आटोपते. पाऊस आला तर सामना पुढच्या आठवड्यात, सिमेंटचं कोर्ट तासाभरात वाळतं. चषक ठेवू नका. चषक ठेवला की वयाच्या दाखल्यांवरून भांडणं सुरू होतात, मग सामने राहतात बाजूला. मुलींची साखळी वेगळी, पण त्याच दिवशी आणि आधी, साडेचारला, म्हणजे उजेडात घरी पोचतील.

रेफ्रीचं कसं, असं मघाशी एका सरांनी विचारलं. कॉलेजात गेलेली आपलीच जुनी पोरं आहेत. शिट्टी द्या त्यांच्या हातात, चहा-नाष्ट्याचं बघा. गुणपत्रक लिहायला त्या दिवशी ज्यांचा सामना नाही त्या शाळेची दोन मुलं बसवा. आणि प्रत्येक सामन्याचं गुणपत्रक त्या संघाला सोमवारी शाळेत द्या : कोणी किती टाकले, किती गेले, फाउल किती. त्याच दिवशी खेळाच्या तासाला तेच घेऊन बसायचं. शनिवारी-रविवारी पुन्हा सामना आहेच.

ज्या शाळांना यायचंय त्यांनी दाराजवळच्या वहीत शाळेचं नाव आणि कोर्ट आहे की नाही एवढं लिहून जा. कोर्ट नसलं तरी लिहा.