पहिल्या पावसाचे पाणी

सोलापुरात पाणी सांडणे हा जवळजवळ अपराधच मानला जातो. उजनी धरण भरलेले असतानाही नळाला काही दिवसांआड पाणी येत असल्यामुळे, पाण्याची वेळ झाली की हौदापासून कळशीपर्यंत घरातले प्रत्येक भांडे भरून ठेवण्याची सवय इथल्या माणसांच्या अंगवळणी पडली आहे. म्हणूनच गच्चीवरचे पाणी टाकीत घेणाऱ्या घराला सर्वांत जड जाते, ते पहिल्या पावसाचे पाणी सोडून देणे.

तरीही ते सोडावे लागते. कोरड्या महिन्यांत गच्चीवर साचलेली धूळ, कबुतरांची विष्ठा आणि कडुलिंबाचा पाला हे सारे पहिल्याच सरीबरोबर पन्हळीत उतरते. शंभर चौरस मीटर गच्चीवर एक मिलिमीटर पाऊस पडला, तर साधारण १०० लिटर पाणी जमते. असे पहिले एक-दोन मिलिमीटर बाजूच्या उभ्या, खालून बंद पाइपात वळवून मगच पुढचे पाणी टाकीत घ्यावे. पाऊस थांबल्यावर हा पाइप रिकामा करायला विसरू नये, नाहीतर पुढच्या सरीची घाण थेट टाकीत जाते. उन्हाळ्यात गच्ची झाडून ठेवली, तर हे काम पुष्कळ हलके होते.

टाकीचे झाकण घट्ट असावे, हे सगळ्यांना ठाऊक असते. जास्तीचे पाणी बाहेर सोडणाऱ्या पाइपाच्या तोंडाला बारीक जाळी लावायची मात्र हमखास राहून जाते, आणि डेंग्यूचा डास तिथूनच आत शिरतो. त्याची अंडी पाण्याच्या रेषेलगत भिंतीला चिकटतात आणि कोरड्यातही कित्येक महिने तग धरतात, त्यामुळे टाकी नुसती रिकामी करून भागत नाही. भिंती ब्रशने खरवडून घासाव्या लागतात.

निर्जंतुकीकरणासाठी १,००० लिटर पाण्याला साधारण अडीच ग्रॅम ताजी ब्लीचिंग पावडर पुरते. ती बादलीत कालवून, चुना तळाशी बसू देऊन, वरचे निवळ पाणी टाकीत ओतावे आणि किमान तासभर थांबावे. उघड्या पुडीतली जुनी पावडर निकामी झालेली असते. हे पाणी प्यायचेच असेल, तर गाळून आणि उकळूनच प्यावे.

जमिनीखालचा हौद मे महिन्यात, पाणी तळाला गेल्यावर, धुवावा. मात्र बंद हौदात प्राणवायू कमी असू शकतो आणि कुजलेल्या गाळातून विषारी वायू निघू शकतो, म्हणून झाकण बराच वेळ उघडे ठेवल्यावरही आत उतरण्याऐवजी लांब दांड्याच्या ब्रशने आणि पंपाने बाहेरूनच काम उरकावे. तरीही कोणी उतरले आणि हाकेला ओ देईनासे झाले, तर त्याच्यामागे दुसऱ्याने उडी घेऊ नये. अग्निशमन दलाला १०१ क्रमांकावर बोलवावे.