आधी इथे सोडवा, मग तिकडे न्या

(फोंडा येथे दिलेल्या व्याख्यानाचं संपादित रूप)

नमस्कार मंडळी. आयोजकांनी विषय दिलाय परदेशातल्या लांब सायकलप्रवासाच्या तयारीचा, आणि पुढच्या दोन-तीन रांगांत वह्या उघडलेल्या दिसतायत. म्हणजे सामानाची यादी मिळणार अशी तुमची अपेक्षा आहे. ती मी देणार नाही. याद्या मोबाइलवर हव्या तेवढ्या मिळतात आणि बहुतेक याद्यांचा शेवट काहीतरी विकत घेण्यात होतो. मला बोलायचंय ते तुमच्या घरी पडवीत आज उभ्या असलेल्या सायकलीबद्दल. तिचा कुठला भाग तुम्हाला स्वतःच्या हाताने सोडवता येतो आणि पुन्हा जोडता येतो? माझ्या मते पाऊण तयारी हीच. उरलेली पाव म्हणजे सामान घरी ठेवून जाणं.

गोव्यात राहणाऱ्यांना हे जास्तच लागू पडतं. आपली हवा खारी, वर चार महिने पाऊस. सायकल बाहेरून पुसून लखलखीत दिसते, पण आत काय चाललंय ते दिसत नाही. फ्रेम स्टीलची आणि सीटची दांडी अॅल्युमिनियमची असली, की दोन वेगळ्या धातूंच्या मध्ये खारट ओल शिरते आणि विद्युत-रासायनिक क्रिया सुरू होते. अॅल्युमिनियमवर पांढरा क्षार धरतो, तो फुगतो, आणि दांडी फ्रेममध्ये घट्ट बसते. चालवताना काहीच कळत नाही. विमानाच्या खोक्यात भरायला सीट खाली घ्यायची वेळ येते, उड्डाणाच्या आदल्या रात्री, तेव्हा कळतं. पेडलांचं तेच, हँडलच्या स्टेमचं तेच, कॅरियरच्या स्क्रूंचंही तेच. म्हणून निघायच्या किमान दोन महिने आधी हे सगळं एकदा उघडा, जुना गंज पुसा, ग्रीस लावा, परत बसवा. ग्रीसचा डबा फार महाग नसतो. आणि मेकॅनिककडून करून घेऊ नका, त्याच्या शेजारी बसून स्वतः करा. तो हसेल. हसू दे.

चाकांवर मी जरा जास्त वेळ घेणार आहे, कारण सामान लादलेल्या सायकलीत आधी थकतं ते मागचं चाक. अंगाचा बहुतेक भार त्यावर, कॅरियरचा भार त्यावर, वर चेनची ओढ. तार तुटते ती बहुधा मागच्या चाकाची, आणि तीही चेनच्या बाजूची. त्या बाजूला कॅसेटला, म्हणजे मागच्या दातेरी चकत्यांच्या जुडग्याला, जागा देण्यासाठी तारा जास्त उभ्या आणि जास्त ताणलेल्या असतात. तिथेच गोम आहे: ती तार बदलायची तर आधी कॅसेट काढावी लागते, आणि त्याला वेगळा पाना लागतो. तो पाना सोबत हवा, नाहीतर दोरीसारखी लवचीक फायबरची तार मिळते, ती कॅसेट न काढता ओवता येते आणि पुढच्या शहरापर्यंत नेते. लांबच्या प्रवासाला मागच्या चाकात ३६ तारा असाव्यात, निदान ३२. जास्तीच्या तारा घेताना मोजून घ्या. पुढच्या चाकाची, मागच्या डाव्या बाजूची आणि मागच्या उजव्या बाजूची अशा तिन्ही लांब्या वेगळ्या असू शकतात. सीटच्या दांडीत किंवा फ्रेमला चिकटवून त्या न्याव्यात. आणि चाकाचा आउट, म्हणजे डगमग, काढायला शिका. एका रविवारी जुनं चाक मांडीवर घेऊन बसलात तर हात बसतो.

आता टायर. इथे आपल्याकडे एक गंमत आहे. दुकानात 'अठ्ठावीस इंची टायर द्या' म्हटलं, की आपला दुकानदार जुन्या काळ्या डबलबार सायकलीचा टायर काढून देतो. त्याच्या रिमचा व्यास ६३५ मिलीमीटर. युरोपात अठ्ठावीस इंची म्हणतात ते ७००सी, त्याचा व्यास ६२२. तेरा मिलीमीटरचा फरक, पण एक दुसऱ्यावर बसणार नाही. तेव्हा इंच विसरा. टायरच्या कडेला बारीक अक्षरात ३७-६२२ किंवा ५०-५५९ असं लिहिलेलं असतं: पहिला आकडा रुंदी, दुसरा रिमचा व्यास. तो तळहातावर गोंदवून घेतलात तरी चालेल. ५५९ म्हणजे जुनी सव्वीस इंची माउंटन बाइक. युरोपात फिरणार असाल तर ६२२ कुठेही मिळतो. मध्य आशियात किंवा आफ्रिकेच्या लहान गावात जाणार असाल तर जुनं सव्वीस इंची चाक अजूनही बरं. फॅशन मागे पडली म्हणून ते वाईट होत नाही.

व्हॉल्व्हचंही पाहून ठेवा. आपल्या गावातल्या सायकलींना रबरी नळीवाला जुना व्हॉल्व्ह असतो. बाहेर भेटतात ते प्रामुख्याने दोन: बारीक प्रेस्टा, आणि मोटरगाडीसारखा श्रेडर. प्रेस्टासाठी रिमला पाडलेल्या भोकात श्रेडर शिरत नाही, ते भोक लहान असतं. उलट मात्र जमतं, मध्ये छोटी रिंग घालून. पंप दोन्हींना चालणारा घ्या.

गिअरबद्दल फारसं बोलत नाही, एक हिशेब सांगते. पुढच्या सगळ्यात लहान चेनव्हीलचे दात भागिले मागच्या सगळ्यात मोठ्या चकतीचे दात, गुणिले चाकाचा इंचातला व्यास. पुढे ३०, मागे ३४ आणि चाक २७ इंच धरलं तर उत्तर येतं साधारण २४. मोकळ्या सायकलीला ते ठीक. वीस किलो सामान लादून घाट चढायचा असेल तर उत्तर वीसच्या खाली हवं. पुढे २२, मागे ३४ आणि चाक २६ इंच, म्हणजे सतरा. दुकानातली चकचकीत रोड बाइक या परीक्षेत सहसा नापास होते. विकणारा ते सांगत नाही. विकणं हा त्याचा धंदा आहे, घाट चढणं तुमचा.

आता सामान. १८८४ मध्ये थॉमस स्टीव्हन्स सॅन फ्रान्सिस्कोहून उंच चाकाच्या सायकलीवर निघाला, आणि पृथ्वीप्रदक्षिणेत १८८६ मध्ये लाहोरहून कलकत्त्यापर्यंत आपल्या ग्रँड ट्रंक रोडनेही गेला. निघताना त्याच्याकडे मोजे, एक जादा शर्ट, तंबू आणि अंथरूण दोन्ही होईल असा एक रेनकोट, आणि एक पिस्तूल होतं. १९२३ मध्ये मुंबईहून पारशी तरुण जगप्रवासाला सायकलवर निघाले. अदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगरा हे तिघे प्रवास पुरा करून १९२८ मध्ये परतले. पिस्तूल नेऊ नका. बाकी स्टीव्हन्सच्या यादीत भर घालताना प्रत्येक वस्तूला विचारा, तू दोन कामं करतेस का?

ओझं बांधण्यात आपला पोदेर, सायकलवरून पाव विकणारा, तरबेज. मागच्या कॅरियरवर ती भलीमोठी बांबूची टोपली, वर निळं प्लास्टिक, आत पोयी, उंडे, कांकणं, आणि हँडलला भोंगा. त्याचं कॅरियर जाड लोखंडी असतं. पण त्याचं ओझं उंच बसतं, आणि ते चालतं ते वाड्यावरून वाड्यावर संथ जायचं असतं म्हणून. तुम्ही आल्प्समधून ताशी पन्नास किलोमीटरने उतरत असाल तेव्हा उंच ओझं सायकलीला डोलवतं, आणि एकदा डोलायला लागली की हँडल ऐकत नाही. म्हणून ओझं खाली, चाकाच्या दोन्ही बाजूंना लटकणाऱ्या पिशव्यांत, आणि सगळं मागे नाही. जड वस्तू, म्हणजे हत्यारं, चूल, तांदूळ, यांतलं काही पुढच्या खालच्या कॅरियरवर घ्या. पिशव्या घेणार असाल तर तोंड गुंडाळून बंद होणाऱ्या, पाणी आत न जाणाऱ्या घ्या. १९८२ मध्ये जर्मनीत हार्टमुट ऑर्टलीबने अशा पिशव्या सुरू केल्या त्या ट्रकच्या ताडपत्रीच्या कापडापासून. आपल्याकडे ताडपत्री काय असते ते पावसाळ्यात कुणाला सांगायला नको. आणि कॅरियरचे स्क्रू! पोर्तुगालमधल्या जुन्या शहरांत दगडी फरशांचे रस्ते आहेत, मध्य आशियात पन्हाळीच्या पत्र्यासारखी कच्ची सडक लागते. त्या थरथरीने स्क्रू आपोआप फिरून पडतात. निळा थ्रेडलॉकर, म्हणजे स्क्रू सुटू न देणारा डिंक, लावा, चार जास्तीचे स्क्रू फ्रेमच्या रिकाम्या भोकांत आधीच घालून ठेवा.

कपड्यांबाबत आपण गोंयकार एका बाजूला कमी पडतो. ऊन, घाम, पाऊस आपल्याला सांगावा लागत नाही. थंडी मात्र आपल्याला ठाऊक नाही. डिसेंबरात पहाटे स्वेटर घालतो तेवढीच आपली थंडी. घाट चढताना घामाने भिजलेला माणूस माथ्यावरून उतरायला लागला, की वीस मिनिटांत त्याची बोटं ब्रेक दाबेनाशी होतात. हा त्रास नाही, धोका आहे. हातमोजे पूर्ण बोटांचे, आणि वारा अडवणारं एक पातळ जॅकेट सगळ्यात वरच्या पिशवीत, पटकन हाताला लागेल असं. एक कपड्यांचा जोड चालवायला, एक झोपायला. झोपायचा जोड काहीही झालं तरी ओला करायचा नाही. जीन्स नेऊ नका, वाळत नाही.

तंबू घेतलात तर पहिल्यांदा तो अंगणात भर पावसात उभारा, अंधारात. मग सगळं लादून दोन दिवसांची चक्कर मारा: साखळी, केरी करत चोर्ला घाट चढून बेळगाव, दुसऱ्या दिवशी परत. फोंडेकरांना मोलेवरून अनमोड घाट आहेच. परत आल्यावर पिशव्यांतल्या वस्तू जमिनीवर मांडा आणि न वापरलेल्या बाजूला करा. औषधं आणि पंक्चरचं सामान सोडून बाकी सगळ्याला ही कसोटी लावा. परदेशातला पहिलाच प्रवास असेल तर माझा सल्ला डॅन्यूबच्या काठाचा, पासाउ ते व्हिएन्ना. साधारण सव्वातीनशे किलोमीटर, बराचसा सपाट, आणि वाटेत सायकल दुरुस्तीला माणूस मिळतो. मध्य आशियातलं पामीरचं पठार पळून जात नाही.

कागदपत्रं भराभर सांगते. शेजारच्या घरात पोर्तुगीज पासपोर्ट असेल, पण आपल्या निळ्या पासपोर्टवर शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपातल्या देशांत, कुठल्याही १८० दिवसांत ९० दिवस, आणि व्हिसासाठी किमान ३० हजार युरोंचा वैद्यकीय विमा. सायकलीच्या फ्रेमचा नंबर लिहून ठेवा, बिल जपा. सायकल महागडी असेल तर जाताना विमानतळावर कस्टम्सकडून तिची नोंद करून घ्या, म्हणजे परतताना 'ही बाहेरून आणली का' हा प्रश्न उरत नाही.

खोकं सायकलीच्या दुकानात फुकट मिळतं, नवीन सायकल त्यातूनच येते. त्यासोबत येणारे प्लास्टिकचे तुकडे दुकानदार फेकतो, तेही मागून घ्या. फोर्कच्या, म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या चिमट्याच्या, दोन पायांमध्ये घालायचा तुकडा नसेल तर वरून काही जड पडलं की फोर्क वाकतो. डिस्क ब्रेक असतील तर पॅडच्या मध्ये जाड पुठ्ठा. मागचा डिरेलर, म्हणजे गिअर बदलताना चेन सरकवणारा भाग, सोडवून आत बांधा. सीट खाली घेण्याआधी दांडीवर टेपची खूण करा. टायरमधली हवा कमी करा, पण सगळी काढू नका, थोडी हवा रिमला वाचवते. पॉवर बँक आणि सुट्या बॅटऱ्या कायम हातातल्या पिशवीत, हत्यारं खोक्यात. गॅसचा डबा विमानात कुठेच चालत नाही. आणि मोपा विमानतळाहून मुंबईपर्यंतचं तिकीट वेगळं काढलं असेल तर देशांतर्गत विमानात सामानाची मर्यादा बहुधा १५ किलो असते. परदेशी विमानातल्या मर्यादेवर विसंबून मुंबईपर्यंतही पोचणार नाही.

ऑस्ट्रेलिया किंवा न्यूझीलंडला जाणाऱ्यांसाठी एक खास गोष्ट. तिथे उतरल्यावर सायकल, तंबूचे खुंटे, बुटांचे तळवे तपासतात. बाहेरची माती आणि बिया देशात येऊ नयेत म्हणून. आपली तांबडी माती मडगार्डच्या आत, टायरच्या खाचेत, पेडलच्या बेचक्यात कशी बसते ते तुम्हाला माहीतच आहे. जुना टूथब्रश आणि एक सबंध संध्याकाळ त्यासाठी ठेवा. तिथे हेल्मेट घालणंही कायद्याने सक्तीचं आहे. जर्मनीत सायकलीचा दिवा लुकलुकणारा चालत नाही, स्थिर हवा. युरोपच्या मुख्य भूमीवर वाहनं उजवीकडून चालतात, म्हणून आरसा डाव्या हँडलला.

बोलणं पुरे. बाहेर व्हरांड्यात माझी सायकल आणि रिकामं खोकं ठेवलंय. ग्रीस आहे, चिंध्या आहेत, हात काळे होतील. पेडलांपासून सुरुवात करू. उजवं नेहमीसारखं सुटतं, डावं उलटं. पाना आधी कोण धरतंय?