दोन दिवसांची नारिंगी गोळी

(दृश्य: न्यू जर्सीतल्या एडिसनमधलं औषधांचं दुकान. काउंटरबाहेरचा उघडा कप्पा.)

लघवीला जळजळ. सारखी घाई, आणि जाऊन बसलं की चार थेंब. आपल्याकडे उन्हाळी लागली म्हणतात आणि धण्याचं पाणी पुढे येतं. अमेरिकेत लेकीकडे राहायला आलेल्या आईला मात्र लेक या कप्प्यासमोर आणते. डॉक्टरची वेळ लगेच मिळत नाही, प्रवास विमा किती खर्च देईल याची धास्ती असते, आणि ही गोळी इथे चिठ्ठीशिवाय मिळते.

(दृश्य: खोक्याची मागची बाजू, जवळून.)

औषधाचं नाव फेनाझोपायरिडिन. रसायन म्हणून हा अ‍ॅझो गटातला रंगच. मूत्रपिंडं तो गाळून लघवीत सोडतात आणि मूत्रमार्गाच्या आतल्या अस्तराची आग त्याने शमते. खोक्यावर 95 मिलिग्रॅम असतं. 'मॅक्सिमम स्ट्रेंग्थ' असं ठळक छापलेल्या खोक्यात 99.5. एवढ्या फरकासाठी जास्त पैसे मोजायचे का, ते तुम्हीच ठरवा. ब्रँडच्या नावावर मात्र जाऊ नका. ही गोळी ज्या 'एझो' ब्रँडखाली मिळते, त्याच नावाखाली क्रॅनबेरीच्या गोळ्याही मिळतात आणि मेथेनामिन व सॅलिसिलेट (अ‍ॅस्पिरिनच्या गटातला घटक) असलेलं वेगळंच औषधही. अ‍ॅस्पिरिनची अ‍ॅलर्जी असणाऱ्याने ते घेऊ नये. तेव्हा आधी खोकं उलटवून घटक वाचायचे.

लघवी नारिंगी होते, कधी लालसर. पहिल्यांदा बघणारा घाबरतो. हा औषधाचा रंग. पण खरंच रक्त जात असेल तर तेही या रंगात लपतं. कपड्यांवरचे डाग सहसा निघत नाहीत. सॉफ्ट कॉन्टॅक्ट लेन्सही रंगतात, म्हणून तेवढे दिवस चष्मा बरा. गोळी चावू नये, दातांवर रंग चढतो.

(दृश्य: प्रयोगशाळा. लघवीच्या नमुन्यात बुडवलेली पट्टी.)

या गोळीने जंतू मरत नाहीत. बहुतेक वेळा हा संसर्ग ई. कोलाय जिवाणूचा असतो आणि त्याला अँटिबायोटिकच लागतं. गोळीने दुखणं थांबतं, माणूस निर्धास्त होतो आणि जंतू मूत्राशयातून वर मूत्रपिंडाकडे सरकू शकतात. म्हणून चिठ्ठीशिवाय घ्यायची मर्यादा दोन दिवस: जेवणानंतर दोन गोळ्या, दिवसातून तीनदा, एकूण 12. अँटिबायोटिक सुरू असेल तर दोन दिवसांत त्यानेच आराम पडायला लागतो, पुढे ही गोळी चालू ठेवण्यात फायदा दिसलेला नाही. अँटिबायोटिक नसेल आणि तिसऱ्या दिवशीही जळजळ असेल, तर दुसरं खोकं आणायचं नाही, डॉक्टर गाठायचा. थंडी वाजून ताप, कुशीत किंवा बरगड्यांखाली पाठीत कळ, उलट्या यांपैकी काहीही असेल तर दोन दिवससुद्धा थांबू नये. गरोदर बाई, लहान मूल, मधुमेही, आणि पुरुषसुद्धा, यांनी आधी डॉक्टरकडेच जावं.

मूत्रपिंडं कमजोर असतील तर हे औषध अंगात साठतं. आपल्याकडून गेलेल्या ज्येष्ठांत मधुमेह आणि रक्तदाब इतका सर्रास आहे, की क्रिअ‍ॅटिनिनचा (मूत्रपिंडांचं काम दाखवणाऱ्या रक्ततपासणीचा) शेवटचा रिपोर्ट बघितल्याशिवाय गोळी देऊ नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. जी-सिक्स-पीडी या विकराची जन्मजात कमतरता असेल तर तांबड्या पेशी फुटू शकतात. पारशी समाजात ही कमतरता तुलनेने जास्त आढळते. त्वचा किंवा डोळे पिवळे दिसले, ओठ निळसर झाले, तर गोळी बंद करून लगेच दवाखाना.

आणि एक गोष्ट दुकानात कुणी सांगत नाही. डॉक्टर लघवीत पट्टी बुडवून तिच्यावरचे रंग वाचतात, आणि या औषधाने ते रंगच बिघडतात. शक्य असेल तर नमुना आधी द्यावा, गोळी नंतर घ्यावी. घेतली असेल तर तसं सांगावं. मग डॉक्टर कल्चरवर भर देतात. त्यात जंतू वाढवून बघतात, तिथे रंगाची अडचण येत नाही.

(दृश्य: पुण्यातलं केमिस्टचं दुकान. काउंटरवर सिरपची बाटली.)

इथे उन्हाळीला बहुधा वेगळी बाटली पुढे येते: डायसोडियम हायड्रोजन सिट्रेटचं सिरप, पाण्यात घालून प्यायचं. ते लघवीची आम्लता कमी करतं, जंतू त्यानेही मरत नाहीत. त्यात सोडियम असतं. रक्तदाबाच्या किंवा मूत्रपिंडाच्या रुग्णाने ते केमिस्टच्या नव्हे, डॉक्टरच्या सांगण्यावरून घ्यावं.